दगडी थेटरातली चौकशी

लंकाबाईचा स्वतःच्या नाकावर जेवढा विश्वास होता, तेवढा देवावरसुद्धा नव्हता. देवाच्या चुका तिनं पाहिल्या होत्या. नाक मात्र आजवर चुकलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. दुधात आज किती पाणी आहे, डिंभ्याच्या धरणावरून आलेली मासळी आजची की कालची, दारात उभा राहिलेला पाहुणा खरा कशासाठी आलाय, हे तिला समोरचा तोंड उघडायच्या आधी कळायचं. त्यामुळं भावाच्या घरात कुठलीही गोष्ट तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय पक्की होत नसे.

भाऊ म्हणजे गोरख. त्याची बायको गेली तेव्हा मुलगी, हर्षाली, नुकती शाळेत जायला लागली होती. लंकाबाई तेव्हा डिंगोऱ्याला सासरी होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दिरांच्या तोंडाकडे बघत दिवस काढायचे. पत्र्याची पेटी उचलून ती डिंभ्याला भावाकडे आली ती कायमचीच. हर्षालीच्या वेण्या तिनं घातल्या, तिला डी.फार्म.पर्यंत शिकवायला भावाला भाग पाडलं, पोरगी घोडेगावच्या मेडिकलमध्ये नोकरीला लागली तेव्हा पहिले काही दिवस दुकानासमोरच्या रसवंतीत बसून मालक कसा आहे तेही पाहून घेतलं. आता लग्न तेवढं राहिलं होतं. ते लंकाबाईमुळंच राहिलंय, असं गावात सगळे म्हणत. तिच्यासमोर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

त्यात अगदीच खोटं नव्हतं. मंचरचं एक स्थळ आलं तेव्हा ती त्या मुलाच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जाऊन बसली आणि तो पितो हे काढून आली. दुसऱ्याची द्राक्षबाग मामाच्या नावावर निघाली. तिसऱ्याचं काहीच निघालं नाही, तेव्हा इतकं स्वच्छ स्थळ असूच शकत नाही म्हणून तिनं ते सोडायला लावलं.

या सगळ्याला कारण होतं, आणि ते तिला कोणी विचारलं नाही तरी ती सांगायची. तिच्या लग्नाआधी वडील आणि मामा डिंगोऱ्याला घर बघायला गेले होते. त्यांना दाखवलेली विहीर चुलतसासऱ्याची होती, विहिरीवरचं इंजिनही त्यांचंच आणि पलीकडचा हिरवागार कांदाही त्यांचाच. त्या घराचा स्वतःचा म्हणावा असा फक्त नवरा होता. माहेरचे दोन मोठे पुरुष डोळे उघडे ठेवून गेले आणि फसून आले, हे ती आयुष्यभर विसरली नाही. हर्षालीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

यंदा मध्यस्थ बाळासाहेबांनी जुन्नरचं स्थळ आणलं. मुलाचं नाव समर्थ. आईबाप नाहीत, आजीनं वाढवलेला, धाकटी एक बहीण. नगरपरिषदेच्या बागेत इंग्रजांच्या काळातलं खुलं नाट्यगृह आहे, ज्याला सगळं जुन्नर दगडी थेटर म्हणतं, तिथली लाइट आणि साउंड त्याच्याकडे. फोटो पाहिला, पसंत पडला, नंबर दिले-घेतले. हर्षाली जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी बोलायला लागली. महिनाभरात घरात एक वेगळंच वारं आलं. भाकरी थापताना ती गुणगुणायची, आणि आत्या स्वयंपाकघरात आली की थांबायची.

"आक्का," गोरख एक दिवस म्हणाला, "ह्या खेपेला मोडता घालू नको. पोरगी कधी नाय ती हसतीया. हे गेलं तर ती पुन्हा कुनाला व्हय म्हननार न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो."

"मी कशाला मोडता घालू? मी काय वैरीन हाये तिची?" लंकाबाई म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. तिलाही हे जमायला हवं होतं. फक्त खात्री करून जमायला हवं होतं.

आणि नेमका तेव्हा बाळासाहेबांचा निरोप आला. रविवारी बघण्याचा कार्यक्रम करू. पण घराचं काम चालू आहे, पसारा आहे, तेव्हा बागेतल्या दगडी थेटरातच बसू. सावली आहे, जागा छान आहे, मुलाची नोकरीही बघून होईल.

लंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. घराचं काम चालू असलं म्हणजे घर दिसत नाही की काय? उलट लोक चार विटा रचल्या तरी कौतुकानं दाखवतात. जो माणूस सोयरिकीला घर न दाखवता बाग दाखवतो, त्याच्याकडे कुठंतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शुक्रवारी तिनं डिंगोऱ्याला दिराकडे जाऊन येते म्हणून सांगितलं आणि घोडेगावात गाडी बदलून जुन्नरला उतरली. डिंगोऱ्याच्या गाडीकडे पाठ फिरवून सरळ बाग विचारत गेली.

बाग साधीच होती. मेंदीचं कुंपण, कोरडं कारंजं, व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं आणि त्यांच्यावर लोंबकळणारी पोरं. त्या सगळ्याच्या मागं, जमीन जिथं खोलगट होत जाते तिथं, थेटर होतं. वरून खाली उतरत गेलेल्या काळ्या दगडाच्या अर्धगोल पायऱ्या, तळाशी दगडी रंगमंच, रंगमंचाच्या मागं आतून वळलेली उंच भिंत. वरच्या पायऱ्यांवर कडुनिंबाची सावली पडलेली. एके काळी इथं आसपासच्या गावांतून लोक बैलगाड्या जुंपून खेळ बघायला येत. लंकाबाईला जागा आवडली, आणि आवडली म्हणून तिचा संशय आणखी बळावला. असल्या देखण्या जागेत आणून बसवलं की माणूस बाकीचं विचारायचं विसरतो, हे तिला ठाऊक होतं.

समर्थ रंगमंचावरच होता. वायरींचं भेंडोळं सोडवत होता. फोटोतल्यापेक्षा जरा काळा, पण उंच. ती खालच्या अंगाला एका पायरीवर बसली आणि पदराआडून बघत राहिली. थोड्या वेळानं एक तरुण मुलगी डबा घेऊन आली. समर्थनं तिथंच मांडी घालून डबा उघडला, तिच्या डोक्यावर टपली मारली, तिनं त्याला ढकललं. लंकाबाईनं हे सगळं टिपलं आणि ही कोण, ते काढायचं ठरवलं.

तेवढ्यात शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. जाड भिंगांचा चष्मा, नऊवारी, हातात कोथिंबिरीची पिशवी. कोथिंबीर मांडीवर घेऊन ती निवडायला लागली.

"कुठल्या म्हनायच्या?" म्हातारीनं विचारलं.

"तळेघरच्या," लंकाबाई म्हणाली. चौकशीला गेलं की आपलं गाव सांगायचं नाही, हा तिचा पहिला नियम. "नातीचं गॅदरिंग हाये हितं. जागा बघाया आले. अन तुमी?"

"मी आपली हितलीच. वारा खायाला येते."

लंकाबाईनं मनातल्या मनात हात चोळले. गावातलीच, म्हातारी, रिकामी आणि बोलकी. याहून चांगलं माणूस चौकशीला मिळत नाही.

"त्यो पोरगा कोन वो? थेटराचाच का?"

"त्यो व्हय? समर्थ." म्हातारीचा चेहरा उजळला. "लई गुनाचं पोर. सुपारीचं खांड सुदीक तोंडात घालत न्हाई. आजी हाये त्याची, तिला देवावानी सांभाळतो. रोज पाय चेपून देतो म्हातारीचं."

एवढी स्तुती जगात फक्त दोघं करतात, एक निवडणुकीतला कार्यकर्ता आणि दुसरा मध्यस्थ. लंकाबाईनं कान टवकारले.

"अन ती डबा आनलेली?"

"बहीन हाये त्याची. अश्विनी."

बहीण असं तर सगळेच सांगतात, लंकाबाईच्या मनात आलं. "घर कुठं हाये म्हनं त्याचं?"

म्हातारीचा हात कोथिंबिरीत थांबला. अगदी क्षणभर, पण थांबला. "हाये की, तिकडं पलीकडं. काम चाललंय."

तिथंच लंकाबाईची खात्री पटली की काहीतरी आहे आणि या म्हातारीला ते ठाऊक आहे. आता सरळ विचारून उपयोग नव्हता. अशा वेळी वापरायचा तिचा एक हातखंडा उपाय होता. समोरच्याला बोलतं करायचं तर आधी आपणच काहीतरी वाईट सांगायचं. आपण दुसऱ्या बाजूचं एक उणं काढलं की समोरच्याच्या जिभेचा लगाम सुटतो आणि तो या बाजूची दोन काढतो. मंचरच्या किराणावाल्याला तिनं असाच बोलता केला होता.

"ह्या पोराला डिंभ्याची पोरगी बघत्यात म्हनं," ती आवाज खाली घेऊन म्हणाली.

"व्हय का? मला न्हाई बा ठावं."

"गोरखची पोर. आमच्या तळेघरातच ठरलं व्हतं तिचं. साखरपुडा झाला अन मोडला. का मोडला ते दोनी घरची कुनी सांगत न्हाईत."

बोलून झाल्यावर तिला आत कुठंतरी टोचलं. पण जुन्नरच्या बागेत वारा खाणारी म्हातारी कुठं आणि डिंभ्याची हर्षाली कुठं, असा विचार करून तिनं ते टोचणं बाजूला सारलं आणि म्हातारीच्या तोंडाकडे बघत बसली. आता येईल, मग येईल.

काहीच आलं नाही. म्हातारीनं अर्धवट निवडलेली कोथिंबीर पिशवीत कोंबली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि "येते बाई, ऊन लागाया लागलं," म्हणून निघून गेली. लंकाबाई रिकाम्या हातानं घरी आली. मनातला संशय मात्र दुप्पट घेऊन आली.

रविवारी बाळासाहेबांची गाडी होती. गोरख इस्त्रीचा सदरा घालून पुढं बसला होता. मागं हर्षाली निळ्या साडीत, आत्याला खेटून. घोडेगाव सोडल्यावर तिनं आत्याचा हात धरला आणि जुन्नर येईपर्यंत सोडला नाही. लंकाबाईला भरून आलं. पोरीचं मन बसलंय, तिला वाटलं, आता काही वावगं निघू नये रे देवा.

समर्थ बागेच्या दारात घ्यायला आला. सगळ्यांच्या पाया पडला. थेटराच्या वरच्या पायऱ्यांवर, निंबाच्या सावलीत, त्यानं सतरंजी अंथरली होती. डबा आणणारी ती मुलगी थर्मास घेऊन उभी होती. तीही पाया पडली आणि "मी अश्विनी, दादाची बहीण," म्हणाली. चेहरा हुबेहूब भावाचा. बहीणच होती म्हणजे. लंकाबाईला जरा हायसं वाटलं.

मग तिनं सतरंजीवर बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तोच जाड भिंगांचा चष्मा. त्यामागचे डोळेही तिच्यावर येऊन थांबले.

"ही माझी आजी," समर्थ म्हणाला. "सारजाबाई."

"अन ही माझी आक्का, लंकाबाई," गोरखनं अभिमानानं सांगितलं. "हर्षालीची आत्या. आईमागं पोरीला हिनंच वाढवलीया. पोरीचं जे काय हाये ते समदं हिला ठावं."

याहून वाईट वाक्य गोरखला त्या दिवशी सुचलं नसतं. तळेघरच्या कोण्या अनोळखी बाईचं बोलणं म्हातारीनं कदाचित वाऱ्यावर सोडलं असतं. लोक जळतात, काहीही बोलतात. पण आता ते पोरीला वाढवलेल्या आत्याच्या तोंडचं झालं होतं. घरच्या माणसानं सांगितलेलं कोण खोटं धरतं? लंकाबाईनं स्वतः तरी धरलं असतं का?

पोहे आले. बाळासाहेब हवापाण्याचं बोलत होते, गोरख टोमॅटोच्या भावाचं. समर्थ आणि हर्षाली एकमेकांकडे न बघता एकमेकांकडेच बघत होते. सारजाबाईनं हर्षालीला एकही प्रश्न विचारला नाही. पोह्यांना हात लावला नाही. एकदाच मान वर करून पोरीकडे असं पाहिलं, जसं बाजारात वांग्याला कुठं कीड आहे का पाहतात. ते पाहणं लंकाबाईच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते दुसऱ्याच्या डोळ्यांत, आणि तेही हर्षालीवर रोखलेलं, तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी म्हातारी उठली. "पावनीला जरा थेटर दाखवते," म्हणाली, आणि लंकाबाईला घेऊन पायऱ्या उतरत खाली गेली. पार रंगमंचावर, त्या वळलेल्या भिंतीला पाठ लावून दोघी उभ्या राहिल्या. वरची माणसं इथून लहान दिसत होती.

"काय वो, तळेघरच्या नातीचं गॅदरिंग झालं का?" सारजाबाईनं हलक्या आवाजात विचारलं.

"सारजाबाई, त्ये खोटं व्हतं."

"कंचं खोटं? तळेघर, नात का साखरपुडा?"

"समदंच."

"सख्खी आत्या पोरीचं मोडल्याचं खोटं सांगंल? कशापायी?"

"गळ टाकला व्हता मी." लंकाबाई घाईघाईनं सांगायला लागली. "मी पोरीचं वाईट बोलले की तुमी पोराचं काय आसंल ते सांगाल, म्हनून. तुमी त्याची आजी हाय, ह्ये मला काय ठावं? पोरीचा साखरपुडा कधी झालाच न्हाई. तिला आजवर कुनी हात सुदीक लावला न्हाई."

सारजाबाईनं मान हलवली. "त्या दिवशी बी तुमचं तोंड आसंच व्हतं," ती म्हणाली. "आसंच खरं वाटलं मला. मग खोटं त्या दिवशीचं का आजचं, ह्ये मी कशावरनं वळखू?"

हाच प्रश्न लंकाबाईनं आयुष्यभर लोकांना घातला होता, आणि त्यांना उत्तर देता आलं नाही की त्यांच्यावर शिक्का मारून ती उठून आली होती. आज पहिल्यांदा तिला कळलं की खऱ्यालासुद्धा या प्रश्नाचं उत्तर नसतं.

"पोरीच्या गळ्याची आन घेऊन सांगते..."

"पोरीची आन नका घेऊ."

मग लंकाबाईलाही राग आला. कोपऱ्यात सापडलेल्या माणसाला येतो तसा. "अन तुमी लई खरं बोलला व्हता का? वारा खायाला येते म्हनं. आजीला देवावानी सांभाळतो म्हनं. अन घर? त्याचं तरी काम चाललंय का खरंच?"

सारजाबाईचे खांदे खाली आले. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला.

"न्हाई," ती म्हणाली. "काम न्हाई अन घर बी न्हाई. चुलत्यानं घेतलं वाटनीत, आमी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. तीन ठिकानी खरं सांगितलं. तिन्ही ठिकानचं पावनं च्या न पिता उठलं. म्हनून ह्या टायमाला मी बाळासाहेबांना म्हनलं, कामाचं सांगा अन थेटरात बोलवा. पोर चांगलं हाये वो माझं. त्याला बघावं, घराला नगं, एवढंच वाटलं."

म्हणजे नाक चुकलं नव्हतं. लंकाबाईला त्याचा जराही आनंद झाला नाही. ही म्हातारी आपल्या नातवासाठी खोटं बोलली होती, आणि आपण आपल्या पोरीच्या विरुद्ध बोललो होतो. दोघींच्या खोट्यातला हा फरक तिला आता लख्ख दिसला आणि तिनं मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा तिला वर पायऱ्यांवर काहीतरी विचित्र वाटलं. कोणी हलत नव्हतं. बाळासाहेबांचा पोह्यांचा चमचा तोंडापाशी अडकला होता. गोरख उभा राहिला होता. समर्थ मघापासून दोन्ही हात हलवत होता, ते तिनं पाहिलं होतं. चहा गार होतोय म्हणून पोरगा घाई करतोय, असं तिला वाटलं होतं. आता तो हात खाली सोडून उभा होता.

हे थेटर बांधलं तेव्हा माइक नव्हते. त्या भिंतीला पाठ लावून नट हळू बोलला तरी शेवटच्या पायरीवरच्या माणसाला ऐकू जावं, म्हणूनच ती तशी वळवून बांधलेली होती. जुन्नरच्या शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक आहे. सारजाबाई मात्र आयुष्यात कधी रंगमंचावर चढली नव्हती, म्हणून इथलं हलकं बोलणंही वर जातं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ऐकू आलं का?" लंकाबाईनं विचारलं, आणि तेही वरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

हर्षाली पायऱ्या उतरायला लागली. निळी साडी सावरत एकेक पायरी येत होती आणि लंकाबाईला वाटत होतं, या पायऱ्या संपूच नयेत. मागोमाग समर्थ आला. हर्षाली आत्याच्या समोरून गेली, तिच्याकडे न बघता, आणि सारजाबाईपुढं थांबली.

"आजी, घराचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "ह्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. मी बाबांना सांगणार होते, पण आज भेट झाल्यावर. मला त्याचं काही वाटत नाही. दोन खोल्या खूप झाल्या."

सारजाबाईनं नातवाकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि तिचे डोळे भरून आले. वर बाळासाहेबांनी मोठ्यानं श्वास सोडला. गोरखनं मान डोलावली, म्हणजे त्याचाही होकारच होता. वाचलं, लंकाबाईला वाटलं. माझ्या तोंडानं मोडलं होतं, पोरीनं सावरलं. तिला तिथंच रंगमंचावर खाली बसावंसं वाटलं.

तेवढ्यात समर्थ हर्षालीजवळ सरकला. थेटर त्याला माहीत होतं, त्यामुळं तो तिला घेऊन भिंतीपासून लांब, रंगमंचाच्या अगदी कडेला गेला आणि फक्त तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला. पण लंकाबाई तिथंच कडेला येऊन उभी होती.

"तुम्हाला एक विचारू?" तो जरासा हसून म्हणाला. "ते साखरपुड्याचं... तसं खरंच काही नव्हतं ना? नाही, आपलं विचारतोय. असलं तरी माझं काही म्हणणं नाही."

ते हसू. लंकाबाईनं ते लगेच ओळखलं. मंचरच्या दुकानात गुळाचा खडा तोंडात टाकत तीही असंच हसली होती. नुसतं आपलं विचारतेय, म्हणाली होती.

हर्षालीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही घराचं सांगितलंत तेव्हा मी पुन्हा विचारलं होतं?"

"नाही, पण..."

"दुसऱ्या कोणाकडे चौकशी केली होती?"

"नाही."

"आत्यानं आत्ता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ते खोटं आहे. तुम्ही ऐकलंत. तरी विचारलंत."

"अगं, फक्त खात्री करून घ्यायची म्हणून..." समर्थ गडबडला. तुम्हीवरून अगंवर आलेलं त्याच्या लक्षातही आलं नाही.

"ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, तिथं सगळ्याची खात्री करून घेतात," हर्षाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मेडिकलमधून यायला उशीर झाला तर गाडी कोणती होती, कंडक्टर कोण होता, सगळं. माझी मैत्रीण घरी आली तर ती गेल्यावर तिच्या गावाला फोन जातो. आत्याचा माझ्यावर जीव आहे, हे मला माहीत आहे. पण मला त्या घरातून निघायचं होतं. पुन्हा तसल्याच घरात जायचं नाही."

"पोरी," लंकाबाई पुढं झाली. तिला हात जोडावेसे वाटत होते, आणि कोणापुढं जोडावेत ते कळत नव्हतं. "त्याचं काय चुकलं न्हाई. चूक माझी हाये. त्याच्या जागी मी आसते, तर मी बी विचारलंच आसतं."

"तेच ना, आत्या," हर्षाली म्हणाली.

मग ती सारजाबाईच्या पाया पडली आणि "माझ्याकडून नकार आहे, आजी," एवढं सांगितलं. समर्थ चांगला मुलगा होता; लंकाबाईला आता त्याबद्दल कुठलाच संशय उरला नव्हता, आणि ते सांगायला तिच्याकडे तोंडही उरलं नव्हतं. सारजाबाईनं लंकाबाईकडे पाठ फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं लंकाबाईला वाटलं.

वर बाळासाहेब सतरंजीची घडी घालायला लागले होते. अश्विनीनं न खाल्लेले पोहे डब्यात परत भरले. गोरख पाठमोरा होऊन बागेच्या दाराकडे निघालाही होता. तो आता महिनाभर तरी बहिणीशी बोलणार नाही, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

हर्षाली डोळे पुसून पायऱ्या चढायला लागली. दोन पायऱ्या गेल्यावर थांबली. मागं वळली आणि आत्याला हात दिला, रोज देवळाच्या पायऱ्यांवर देते तसाच.

"जपून," ती म्हणाली. "इथला दगड पक्का आहे, ह्याच्यावर पाय ठेव."

लंकाबाईनं तिचा हात घट्ट धरला. तरी वजन टाकायच्या आधी तिनं पायाच्या अंगठ्यानं दगड दाबून पाहिला. हर्षालीनं ते पाहिलं, आणि ती पुढची पायरी चढली.